समुद्राचा नमुना

गेल्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, बिरवाडीतल्या माझ्या शेजारच्या काकांनी दिवेआगरच्या समुद्राचा नमुना काचेच्या बाटलीत घेतला. माझ्या ओळखीत समुद्रावर संशय घेणारा दुसरा माणूस नाही.

काका कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले, पण सवय निवृत्त झाली नाही. घरी आलेलं दूध, तेल, पाहुण्यांनी आणलेला मध, सगळं आधी बाटलीत जातं. बाटलीला लेबल लागतं, त्यावर ठिकाण, वेळ आणि शेरा. समाधान झालं नाही की शेरा एकच, ‘पुन्हा नमुना घ्यावा’. दूधवाला या शेऱ्याला इतका सरावलाय की हल्ली तो स्वतःच रिकामी बाटली मागतो.

याच स्वभावामुळे काकूंचा समुद्र चाळीस वर्षं राहून गेला. कधी भरतीची वेळ संशयास्पद, कधी गाडीचे टायर. यंदा काकूंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं. त्या म्हणाल्या, “अवो, त्याच्या आधी मला दर्यात उभं ऱ्हायचं हाय. डॉक्टरच्या गुडघ्यानं नाय, माझ्या गुडघ्यानं.” काका तयार झाले. साक्षीदार हवा म्हणून मला, म्हणजे पेपरात लिहिणाऱ्याला, सोबत घेतलं.

माणगाव-म्हसळ्यामार्गे आम्ही जेवायच्या वेळेला पोचलो. सोलकढीचा रंग फार गुलाबी वाटल्यामुळे काकांनी खानावळीतल्या बाईंकडून आमसुलांची बरणी मागवून घेतली. किनाऱ्यावर घोडागाडीवाल्याला त्यांनी घोड्याचे दात दाखवायला सांगितलं. तो म्हणाला, “काका, सोयरीक जमवताय काय?” बोटवाला म्हणाला, डॉल्फिन हमखास दिसतात. काका माझ्या कानाशी आले. “हमखास दिसतो म्हणजे पाळलेला असणार. लिहून घ्या.” मी लिहून घेतलं. बनाना राइडवाल्याचं लाइफ जॅकेट त्यांनी स्वतः पाण्यात दाबून पाहिलं. ते वर आलं, तरी काका बोटीत बसले नाहीत. एकदा वर आलं म्हणून दरवेळी येईल असं नाही, असं त्यांचं म्हणणं.

तोवर काकू सुरूच्या सावलीत बसून होत्या. चार वाजता त्या उठल्या, चपला तिथेच ठेवल्या आणि काठी टेकत पाण्याकडे निघाल्या.

“थांब गो! आधी सॅम्पल!” काका बाटली घेऊन मागे धावले.

“चाळीस वर्सं थांबले. आता नाय.”

काकू पाण्यात शिरल्या. वाळूत काच असते, या खात्रीमुळे काका किनाऱ्यावर बूट काढत नाहीत. ते बुटांसकट शिरले. लाट आली तेव्हा त्यांनी एका हाताने काकूंचं कोपर धरलं आणि दुसऱ्या हातातली बाटली आपोआप भरली. पाणी गुडघ्यापर्यंत होतं. काकू मोठ्याने हसत होत्या.

“खारट हाय का बघा तुमच्या मशिनीत,” त्या म्हणाल्या. काकांनी कोपर सोडलं नाही. बाटलीला बूच लावायचंही ते विसरले. दोघं तसेच बावीस मिनिटं उभे होते. मी घड्याळ पाहिलं.

ऑपरेशन एप्रिलमध्ये झालं. काकू वॉकर घेऊन पडवीपर्यंत येतात. बाटली बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी आहे. परवा मी लेबल वाचलं. ठिकाण: दिवेआगर. वेळ: ४.१०. शेरा: सौ. चालू लागल्यावर पुन्हा नमुना घ्यावा.