पंपाचा भाग, नग एक

माझ्या नोकरीची अखेरची अकरा वर्षे मी एका लाल गाडीचा कायदेशीर राखणदार होतो. बुलढाण्याच्या न्यायालयात मी नाझर होतो आणि मुद्देमाल, म्हणजे गुन्ह्यांत जप्त होऊन न्यायालयाच्या ताब्यात आलेल्या वस्तू, सांभाळणे हे माझे काम होते. चोरीची भांडी, कुऱ्हाडी, दारूचे कॅन, विहिरींवरून पळवलेले पाण्याचे पंप अशा मंडळींत फसवणुकीच्या एका खटल्यातून ही दोन दारांची, बुटकी, विलायती स्पोर्ट्स गाडी येऊन दाखल झाली. खटला चालू असेपर्यंत तिला हात लावण्याचा अधिकार कोणालाही नव्हता. ऊन आणि पाऊस यांना मात्र तो होता. तिच्यावर पत्र्याचे छप्पर घालावे म्हणून मी सतरा अर्ज केले. सतराव्याला उत्तर आले की सदर वाहन हे इमारतीच्या व्याख्येत बसत नसल्याने प्रस्ताव निकाली काढण्यात येत आहे. ते पत्र मी आजही जपून ठेवले आहे.

पुढे आरोपी वारला, फिर्यादी बेपत्ता झाला आणि गाडीचा लिलाव निघाला. ज्याच्या ताब्यात जप्त वस्तू आहे त्या लोकसेवकाने तिच्यावर बोली लावणे हा गुन्हा आहे. हे मी येथे मुद्दाम नमूद करतो, कारण मला मोह झाला होता. गाडी घेतली मोताळ्याच्या एका डिझेल-मिस्त्रींनी. ट्रॅक्टरचे इंधनपंप दुरुस्त करण्यात पन्नाशी ओलांडलेला, बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. तिला ट्रॉलीवर चढवताना त्यांनी बॉनेटवरचा पक्ष्यांच्या घाणीचा थर स्वतःच्या रुमालाने पुसला. अकरा वर्षांत तिला कोणी पुसल्याचे मी प्रथमच पाहिले.

मी निवृत्त झालो त्या वर्षी त्यांचा निरोप आला: नाझर साहेबांनी एकदा येऊन जावे. मी राजूर घाट उतरून मोताळ्याला गेलो. वर्कशॉपच्या फरशीवर ते इंजिन सुटे करून मांडले होते. प्रत्येक बोल्टशेजारी, तो ज्या छिद्रातून निघाला त्याचा क्रमांक खडूने लिहिलेला. प्रत्येक झडप आपापल्या जागेच्या क्रमाने कापडावर ठेवलेली. आमच्या अभिलेख कक्षात एवढी शिस्त कधी नव्हती, आणि हे मी संतापाने लिहितो आहे.

"साहेब, हे तेलाची नळी पाहा," मिस्त्री म्हणाले. "इंजिनातून निघते अन् मधातच बुच लावून बंद केली. हे कोणाले तेल पाजत होती?"

"म्हणजे एक वस्तू गहाळ आहे, असे तुम्हाला म्हणायचे आहे? माझ्या ताब्यातून?" माझा आवाज चढला. "माझ्या रजिस्टरातून टाचणीसुद्धा हरवलेली नाही, मिस्त्री!"

"तुम्हाले कोण म्हणते? म्या फक्त नळीचं विचारून राह्यलो."

त्यांनी खडू घेऊन फरशीवर एक चित्र काढले. गोगलगायीच्या शंखासारखी दोन भांडी, पाठीला पाठ लावून, मध्ये एक दांडा. "याले टर्बो म्हणतात. धूर फुकट बाहेर जाते ना, त्याच्या जोरावर एक चक्र फिरवायचं. दुसऱ्या बाजूचं चक्र हवा दाबून इंजिनात कोंबते. लोहाराचा भाता असते, तसा. फक्त भाता ओढणारा माणूस म्हणजे तिचाच धूर."

चित्राकडे पाहता पाहता मी ते ओळखले. ती वस्तू मी पाहिली होती. जप्तीपूर्वी कोणत्या तरी गॅरेजने ती सोडवून गाडीच्या डिकीत पोत्यात ठेवली होती. पंचनाम्याचे दोन्ही पंच शेतकरी होते. त्यांनी आयुष्यात अशा आकाराची एकच गोष्ट पाहिली होती, ती म्हणजे विहिरीवरचा पंप. त्यामुळे पंचनाम्यात नोंद झाली: 'पाण्याच्या पंपाचा लोखंडी भाग, नग एक.' तीच चिठ्ठी लावून ती वस्तू गाडीतून आमच्या मुद्देमालाच्या खोलीत आली. त्याच सुमारास देऊळघाटच्या एका शेतकऱ्याचे चोरीला गेलेले पंप आमच्या खोलीत पडून होते. ते त्याला परत देण्याचा आदेश झाला, तेव्हा पंपाच्या नावाची चिठ्ठी लावलेली प्रत्येक वस्तू मी त्याच्या हवाली केली, क्रमांक न पडताळता. रजिस्टरात 'मेळ बरोबर' असा शेरा मारला आणि खाली माझी सही केली.

"ती कुठे असेल, ते मला बहुधा ठाऊक आहे," एवढेच मी मिस्त्रींना सांगितले. जे सांगितले ते खरे होते. जे गाळले, त्यासाठी वकिलांनी एखाद्या साक्षीदाराला उलटतपासणीत फाडून खाल्ले असते.

देऊळघाटला आम्ही दोघे गेलो. शेतकरी गोठ्यापुढे उभा होता आणि टर्बो गोठ्यावर होता. वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून ठेवलेल्या दगडांच्या रांगेत तो गंजून बसला होता.

"हे ना?" शेतकरी हसला. "हे तं माह्या पंपाले बसलंच नाही. तीन जणांले दाखवलं. म्या म्हटलं, कोर्टानं देल्लं म्हणजे आपलंच असंन."

"मग परत का नाही आणून दिलंत?" मी कडाडलो.

"घ्या! म्या तवाच म्हटलं होतं का हे माहं नोहे. तुमीच तं डोये वटारले. कोर्टाचा वेळ खाऊ नका, सही करा, म्हणे."

मिस्त्री मान वर करून पत्र्याकडे पाहत होते, जणू त्यांच्या कानांवर काही पडलेच नाही. "भाऊ," ते शेतकऱ्याला म्हणाले, "हे नेतो. पत्र्यावर दुसरा गोटा ठेवा लागंन."

त्यानंतरच्या काही महिन्यांत मी जे पाहिले, त्याबद्दल लिहिताना माझी लेखणी तिचा नेहमीचा स्वभाव विसरते. गंजलेला दांडा मिस्त्रींनी डिझेलमध्ये आठ दिवस बुडवून ठेवला आणि हातोडी न लावता, नुसत्या बोटांच्या चालीने मोकळा केला. झिजलेल्या बेअरिंगांच्या जागी लेथवर पितळी बुश कातले, मोजले, नापसंत केले आणि पुन्हा कातले. टर्बोचे चक्र मिनिटाला लाखाच्या घरात फिरते. त्याचा तोल केसभर ढळला तर ते स्वतःलाच खाते. तो तोल साधण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी चक्र फडक्यात गुंडाळले आणि म्हणाले, "हे माह्या हाताचं काम नाही. ज्याच्यापाशी मशीन हाय, त्याच्याकडे पाठवतो." ज्यांना आपल्या अधिकारकक्षेची मर्यादा कळते अशी माणसे मी न्यायालयात फार थोडी पाहिली.

इंजिन जुळल्यावर त्याची चाचणी घेण्याचा प्रश्न आला. नोंदणीचे नूतनीकरण झाल्याशिवाय सार्वजनिक रस्त्यावर चाक फिरकणार नाही, अशी मी अट घातली होती. टर्बोला तर ओझ्याखेरीज जोर येत नाही. त्यावर मिस्त्रींनी काढलेली युक्ती मी कोणत्याही पुस्तकात वाचलेली नाही. देऊळघाटच्या त्याच शेतकऱ्याच्या, पीक निघालेल्या रिकाम्या रानात त्यांनी ट्रॉलीवर घालून आणलेल्या गाडीच्या मागे साखळीने ट्रॅक्टर बांधला. ट्रॅक्टर बंद, पण गिअरमध्ये. वर शेतकरी ब्रेकवर पाय ठेवून. गाडी ओढणार आणि ट्रॅक्टर अडवणार. मिस्त्री चालवत होते, मी शेजारी हवेच्या दाबाचे घड्याळ मोठ्याने वाचत होतो.

"पाव! अर्धा!" मी ओरडत होतो.

"भाऊ, अजून दाबा ब्रेक!"

"दाबूनच राह्यलो ना बे!" मागून आवाज आला. "एवढीशी टिकली अन् माह्या ट्रॅक्टरले वढून नेऊन राह्यली! माही पेरणी बी इच्याकडूनच करून घेतो यंदा!"

तोच इंजिनातून डब्यात खडे हलवावेत तसा आवाज आला. मिस्त्रींनी त्याच क्षणी इंजिन बंद केले, उतरले, तापलेला प्लग काढून माझ्यापुढे धरला. त्याचे टोक राखेसारखे पांढरे होते.

"हवा भरपूर, पेट्रोल कमी. पंगतीत पाहुणे वाढले अन् भाकरी तेवढ्याच. असंच चालवलं तं पिस्टन वितळते."

त्यांनी कार्बोरेटरमधले पेट्रोलचे छिद्र सुईएवढ्या ड्रिलने किंचित वाढवले आणि वहीत लिहिले. दुसऱ्या दिवशी ठिणगी पडण्याची वेळ जराशी मागे घेतली आणि वहीत लिहिले. तिसऱ्या दिवशी जादा दाब सोडून देणाऱ्या झडपेची स्प्रिंग बदलली. एका दिवशी एकच बदल. मी अधीर होऊन म्हणालो, "दोन-तीन बदल एकदम करून टाका ना!"

"काऊन साहेब? मंग सुधारलं कशानं, हे कोण सांगंन?"

नवव्या दिवशी घड्याळाचा काटा ठरल्या खुणेवर चढला, तिथे स्थिर राहिला, खड्यांचा आवाज आला नाही. पाठीला कोणी तळहात लावून पुढे लोटावे तसा एक सलग, न ओसरणारा रेटा मला जाणवला. प्लग काढला तर त्याचा रंग फिक्या चहासारखा. मिस्त्री त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मी त्यांच्याकडे.

मग आली तपासणी. गाडी टेम्पोत घालून नेली. मोटार वाहन निरीक्षक तरुण होता, सभ्य होता आणि, दुर्दैवाने, अभ्यासू होता. "नोंदणी पुस्तकात टर्बोचा उल्लेख नाही. कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत बदल चालत नाही. तो मूळचाच आहे याचा पुरावा वीस दिवसांत द्या. नाहीतर काढून आणा."

आयुष्यात प्रथमच मी एका अधिकाऱ्यावर अशासाठी संतापलो की त्याचे म्हणणे बरोबर होते. त्याच्या जागी मी हेच लिहिले असते. गाडी बनवणारी परदेशी कंपनी कधीच बंद पडली होती. तिच्या वारसदारांना पाठवलेल्या माझ्या पत्रांना उत्तर नव्हते. पुरावा जगात एकच होता: तो पंचनामा. पोलीस प्रत्येक अंक उतरवून घेतात, या सवयीने त्यात त्या 'पंपाच्या भागा'वरचा ओतीव क्रमांकही लिहिलेला होता. परंतु तो भाग गाडीपासून तुटून देऊळघाटला कसा गेला, हे सिद्ध करायचे तर ते सांगणारा माणूस हवा होता, आणि तो मीच होतो. ज्या रजिस्टराच्या जोरावर मी सगळ्या जिल्ह्याला पत्रे लिहून धारेवर धरले, ते खोटे आहे असे मला शपथेवर लिहून द्यावे लागणार होते.

मोताळ्याला गेलो तेव्हा मिस्त्री पाना हातात घेऊन टर्बोपुढे बसले होते.

"काढून टाकतो, साहेब. बिना टर्बोची बी चालते ते."

"का? आणखी तेरा दिवस आहेत!"

"तुमच्या रजिस्टरले कायले हात लावता या वयात? लोकं हसतीन तुम्हाले. माहं काय, शिकाले भेटलं, झालं."

म्हणजे गोठ्यापुढचा शब्द न् शब्द त्यांनी ऐकला होता, समजून घेतला होता आणि इतके महिने गिळून ठेवला होता. मी त्यांच्या हातातला पाना काढून घेतला. काय बोललो ते नीटसे आठवत नाही. पुष्कळ बोललो, आणि शेजारचा टायरवाला बाहेर येऊन पाहू लागला एवढे आठवते.

घरी येऊन सौभाग्यवतींना सगळे सांगितले. त्या शेंगा सोलत होत्या. "अहो, लोकांना जन्मभर नोटिसा पाठवल्यात," त्या म्हणाल्या. "आता एक स्वतःलाही पाठवा. पत्ता तर पाठ आहे."

मी प्रतिज्ञापत्र लिहिले. 'सदर वस्तू मी स्वतः, क्रमांक न पडताळता, हक्क नसलेल्या इसमाच्या स्वाधीन केली. इसमाने आक्षेप घेतला असता मी तो ऐकून घेतला नाही.' यातले दुसरे वाक्य मी सहा वेळा खोडले आणि सातव्यांदा तसेच ठेवले. पंचनाम्याची प्रमाणित प्रत जोडली. निरीक्षकाने विजेरी घेऊन टर्बोवरचा क्रमांक वाचला, प्रतीतला वाचला, पुन्हा टर्बोवरचा वाचला आणि सही केली.

प्रतिज्ञापत्राची एक प्रत मी माझ्या जुन्या कार्यालयालाही पाठवली होती. तिथून मला खुलासा मागणारे पत्र आले. तो खुलासा मी टपालाने पाठवू शकलो असतो. पण मिस्त्रींनी सांगितले की गाडीला आता रस्ता मोकळा आहे, चला, तिनेच जाऊ. घाटाच्या चढावर एक भरलेला ट्रक पुढे होता. त्यांनी वळण सरू दिले, समोरचा रस्ता रिकामा पाहिला आणि पाय दाबला. ती लाल गाडी धापा न टाकता, गुरगुर न करता चढ विसरून गेली. मी दाराची कडी घट्ट धरून बसलो होतो आणि, कबूल करतो, मोठ्याने हसत होतो.

कार्यालयात नवे नाझर माझा खुलासा वाचून ओशाळले. "राहू द्या हो साहेब. जुनी गोष्ट. फायलीला लावून टाकतो."

"लावून टाकू नका!" मी टेबलावर हात आपटला. "रजिस्टर काढा. माझ्या 'मेळ बरोबर' शेऱ्याखाली लाल शाईने दुरुस्ती करा. आणि मला पोच द्या."

त्यांनी रजिस्टर काढले. मी उभा राहून प्रत्येक शब्द लिहून घेतला, पोचेवर शिक्का घेतला आणि बाहेर आलो. आवारात पाच-सहा जण गाडीभोवती जमले होते. बॉनेट उघडे होते आणि इंजिन मंद चालू होते.

"बंद करा ना," मी म्हणालो. "पेट्रोल जाते आहे."

"थांबा साहेब," मिस्त्री म्हणाले. "घाट चढून आली. एकदम बंद केलं तं टर्बोतलं तेल जळते. त्याले जरा दम खाऊ द्या."

मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो.