ओझ्याला वाट

पावणे गावच्या कमळाकरला कॉलेजात घातलं तेव्हा गावाला वाटलं होतं, आता हा खुर्चीत बसून कामं करील. तो पळायला लागला. कॉलेजही तसंच होतं म्हणा. खाडीकाठचं, नुकतंच निघालेलं, चार खोल्यांचं, आणि मैदानाचा पत्ता नाही. म्हणून तिथली क्रॉसकंट्री मिठागरांच्या बांधांवरून व्हायची. ती चालवायचे वामन सर. शिकवायचे गणित, पळण्याशी त्यांचा संबंध एवढाच, की कॉलेजातली एकुलती एक शिट्टी त्यांच्याकडे होती. पण कमळाकरला पळताना पाहिलं आणि गृहस्थ खुळावले. रोज सकाळी सायकल दामटत त्याच्या मागे हिंडायचे, खिशातून गूळ-शेंगदाणे काढून त्याच्या हातावर ठेवायचे. त्याच्यावर इतकी माया घरच्यांखेरीज कोणी केली नव्हती.

चौसष्ट साली आसपासच्या कॉलेजांची शर्यत इथे झाली. कमळाकर सगळ्यांच्या पुढे होता. शेवटचा मैल उरला आणि समोरून मिठाच्या पाट्या घेतलेल्या बायांची रांग आली. बांध जेमतेम हातभर रुंद. डोक्यावर ओझं असेल त्याला वाट द्यायची, मोकळ्या माणसाने चिखलात उतरायचं, ही तिकडची रीत पोरांच्या अंगात चालायला लागल्यापासून मुरलेली. कमळाकर गुडघाभर चिखलात उतरला आणि शेवटची बाई जाईपर्यंत उभा राहिला. मुंबईची मुलं ओरडत आली, बायांनीच अंग चोरलं, ती निघून गेली. कमळाकर चौथा आला.

सर रागावले असते तर बरं झालं असतं. प्राचार्यांनी त्यांना सुनावलं होतं की पुढच्या वर्षी शर्यतीची ढाल आली नाही तर हे पळापळीचं खूळ बंद. सायकलचं हँडल पुसत सरांनी हे सांगितलं.

"पुढच्या वर्षी थांबू नकोस," एवढंच ते म्हणाले.

पुढच्या वर्षी सरांनी मिठागराच्या मुकादमाला, शर्यतीच्या वेळी बाया बांधावर नकोत, असं आधीच सांगून ठेवलं होतं. पण नेमका त्या दिवशी खाडीत मिठाचा मचवा लागला होता, आणि भरती ओसरायच्या आत मीठ चढवायला हवं होतं. रांग आलीच. पुढे धोंडूबाई, कमळाकरच्या आईची जिवाची मैत्रीण. तिसरी त्याची आई गोजरा. मागून दोघा पळणाऱ्यांची पावलं अगदी जवळ वाजत होती. दुसरा कोणी असता तर धोंडूबाई बाजूला सरली असती. पण हा आपला कमळाकर, हा उतरणारच, म्हणून ती तशीच चालत राहिली.

तो उतरला नाही. खांद्याचा धक्का बसला, आणि धोंडूबाई पाटीसकट खाली गेली. ती पडलेली त्याला ऐकू आली. त्याने वळून पाहिलं नाही.

ढाल आली. सरांनी त्याला मिठी मारली आणि ते सगळ्यांसमोर रडले. कमळाकरने हातातला पेढा तसाच खिशात टाकला.

धोंडूबाईचं मनगट मोडलं होतं. संध्याकाळी तो तिच्या दारी गेला. त्याला शिव्या हव्या होत्या. तिने घरच्यांना त्याला बसायला पाट द्यायला लावलं, चहा पाजला, ढाल केवढी आहे ते विचारलं. गावातही कोणी वाकडा शब्द काढला नाही. घरी आई नेहमीसारखं वाढायची. त्याला आतून पोखरल्यासारखं झालं होतं, आणि ते सांगायचं कोणाला हे कळत नव्हतं.

आठवड्याने तो कॉलेजातून बांधावरून परतत होता, सावकाश, रमतगमत. समोरून रांग दिसली. तो उतरायला पाय उचलतो तोच बाया थबकल्या आणि एकीमागून एक, डोक्यावरच्या पाट्या सांभाळत, चिखलात उतरल्या. सगळा बांध त्याच्यासाठी मोकळा झाला. गोजराही उतरली होती.

"आये, वर ये," तो म्हणाला. "मी उतरतो."

गोजराच्या आवाजात राग नव्हता. चिखलात रुतलेला पाय सावरत ती म्हणाली, "जा तू, बाला. तुजी शर्यत आसंल."