दादाच्या हातातली बाबांची पेटी

आधीच सांगून ठेवतो, भूतबित, अंगात येणं असलं काही म्हणणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली आहे. अकोल्यात सायन्सच्या ट्यूशन घेतो मी! पण हे माझ्या सख्ख्या भावाचं आहे, त्यामुळे हसता येत नाही.

आमचं गाव दर्यापूर–मूर्तिजापूर रोडवर. झेंडू-शेवंतीचा मळा. बाबा गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. कडबा कटरमध्ये त्यांच्या उजव्या हाताचं, करंगळीशेजारचं अर्धं बोट गेलेलं. तरी काय वाजवायचे! त्या बोटाच्या जागी मधलं बोट उडी मारायचं आणि सुराला एक हिसका बसायचा... हार ओवता ओवता तो हिसका ऐकतच आम्ही मोठे झालो. आवाज बारीक, उंच. काळी चारच्या उंच पट्टीत गायचे.

दादा अगदी उलटा. घोगरा आवाज, टाळसुद्धा बेताल. बाबांच्या वर्षश्राद्धाला पेटीवाला आलाच नाही, तेव्हा मंडळातले एक म्हातारे म्हणाले, "लेक हाय न त्याचा, बसवा त्याले. सूर तं धरन!"

दादाने नुसता भाता हलवला, एक सूर धरला. झालं. पण त्या दिवसापासून पेटी ओसरीवरून हललीच नाही. महिनाभरात दोन भजनं आली. पोळ्यापर्यंत आवाज चढत गेला – पांढरी एकचा माणूस काळी दोनमध्ये, मग थेट काळी चारमध्ये. मला वाटलं, यूट्यूब पाहून शिकला असेल. मग वहिनीचा फोन आला.

"भाऊजी, तुमच्या दादायचं एक बोट सरळच होऊन नाई राहिलं. डॉक्टर म्हन्ते काईच नाई. अन् मले नावानं हाक मारनं सोडलं यायनं... सूनबाई म्हन्तेत!" ती रडत होती. "तेवढी पेटी घेऊन जा तुमी. मले माहा नवरा पायजे."

रविवारी सकाळीच गाडी घेऊन पोचलो. दादा ओसरीवर वाजवत होता. ते बोट आत दुमडलेलं, मधलं उडी मारत होतं. तोच हिसका.

मान वर करून म्हणाला, "आला काय रे बारक्या? बस. जेवला काय?"

मला बारक्या फक्त बाबा म्हणायचे. आणि आवाज... आवाजही त्यांचाच.

पेटी उचलायची, गाडीत टाकायची. दोन मिनिटांचं काम. वहिनी दारात उभी, माझ्याकडे डोळे लावून. पण आईशप्पथ सांगतो, बाबा गेल्यापासून कोणी मला असं जेवलास का विचारलं नव्हतं. मी खाली बसलो. तोंडातून निघूनच गेलं, "बाबा, ते सकाळचं भजन म्हणा न... एकच."

त्यांनी म्हटलं. मी लहान पोरासारखा रडलो.

संपल्यावर पाहिलं तर वहिनी दारात नव्हती. संध्याकाळच्या बसने ती मूर्तिजापूरला माहेरी गेली, ती अजून आलेली नाही.

हे कशाने झालं, मला माहीत नाही. तीन डॉक्टर झाले, माझी सगळी सायन्सची पुस्तकं झाली. पेटी अजून ओसरीवरच आहे. मी दर रविवारी गावाला जातो. पेटी आणायलाच जातो, असं वहिनीला फोनवर सांगतो.