पळसदेवच्या पाण्यातलं चौथं कडवं

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये वाढलो, वडील मशीन शॉपमध्ये. कुठलाही आवाज आला की कारण शोधायची घरातच सवय. पुढे धंदाही तोच धरला – साउंड रेकॉर्डिंगचा. म्हणून हे लिहिताना जरा लाजच वाटतेय...

गेल्या उन्हाळ्यात भजनावरच्या एका माहितीपटाचं शूटिंग होतं. दिग्दर्शिका मानसी, कॅमेराही तिच्याकडेच; साउंडला मी. उजनी धरणाचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं. तिथे आम्हाला तात्यांचं गाणं घ्यायचं होतं. तात्या तिथलेच जुने भजनी, ऐंशीच्या पुढचे. त्यांच्याकडे एक अभंग होता – कुठल्याच पोथीत नसलेला, थोरल्या बहिणीनं, आक्कानं शिकवलेला. पण कडवी तीनच.

"चौथं आक्का एकलीच म्हणायची," होडीत तात्या म्हणाले. "म्हातारपणी ती गेली, तसं माझ्या डोक्यातनंबी गेलं. लई आठवलं, न्हाय घावलं. मी गेल्यावर ही तीनबी जातील बघा."

सकाळचे साडेदहा. ऊन चढलेलं, वारा पडलेला. तात्या देवळाच्या पायरीवर एकतारी घेऊन बसले. मी त्यांना कॉलर माइक लावला, हेडफोन चढवले. तीन कडवी झाली. तात्या डोळे मिटूनच थांबले.

आणि हेडफोनमध्ये बाईचा आवाज आला.

थकलेला, घोगरा. त्याच चालीत पुढचं कडवं! मी तात्यांकडे पाहिलं – ओठ बंद. रेकॉर्डरच्या मीटरकडे पाहिलं – काट्याची हालचाल नाही. एक कान मोकळा केला... बाहेर सगळं चिडीचूप. पुन्हा झाकला... आवाज तिथेच. काही सुचेना म्हणून ऐकू येईल ते साउंड शीटवर लिहीत गेलो. 'पाण्यामधी दिवा, भिजेना गे वात...' चार ओळी झाल्या, तरी आवाज थांबेना. पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू!

मी उठलो आणि हेडफोन सरळ तात्यांच्या कानांवर ठेवले.

"अरे, काय करतोयस? टेक चालूय!" मानसी ओरडली.

तात्या दचकले. मग हळूहळू त्यांची मान डोलायला लागली, गालांवरून पाणी ओघळलं... आणि त्यांनी चौथं कडवं खड्या आवाजात म्हटलं. मी कागद धरून उभा. शब्दन् शब्द तोच.

दुपारी इंदापूरच्या लॉजवर रेकॉर्डिंग तपासलं. तीन कडवी, बराच वेळ शांतता, मानसीचं ओरडणं, मग तात्या. बाई कुठेच नाही. कुणाच्या मोबाइलचा सिग्नल शिरला म्हणावं, तर हा अभंग आजवर कुणी रेकॉर्डच केलेला नव्हता. मानसी म्हणते, तात्यांना ऐनवेळी आठवलं असेल. असेलही. पण तात्या गप्प बसलेत आणि फ्रेमच्या कडेला मी भराभर लिहितोय, हे तिच्याच कॅमेऱ्यात आहे.

फिल्म बारामतीला दाखवली. सांगवीच्या भजनी मंडळातल्या बायकांनी ते कडवं तिथल्या तिथे उतरवून घेतलं. आता एकादशीला म्हणतात. फिल्म दाखवली त्या दिवशी तात्यांना बाजूला घेऊन मी धीर करून विचारलं, "तात्या, तेव्हा कानात काय ऐकलंत?"

"तू काय ऐकलंस?"

"म्हाताऱ्या बाईचा आवाज."



"म्हातारी?... न्हाय रं. मला तर पोरीचा आवाज आला. आक्का बारा वर्सांची हुती, मला मांडीवर घिऊन शिकवायची... तवाचा."