माझ्या भाषणात झोपलेली श्रोती

परवा कर्जतला एका छोट्या कार्यक्रमात बोलायला उभा राहिलो आणि पाचव्याच मिनिटाला पहिल्या रांगेतली एक बाई चक्क झोपली. मान एका खांद्यावर, तोंड किंचित उघडं... आयोजक ओशाळले. एकजण तिला उठवायला निघाला, त्याला मी हातानेच थांबवलं.

ती माझी मुलगी, वैशाली. तिच्या त्या झोपेचा मला किती अभिमान वाटला, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी मोहोपाड्याला केमिकल फॅक्टरीत कामगार, आणि गेटवर सभा असली की बोलायला सगळे मलाच पुढे करायचे. माझी बायको सुलभा तिथल्याच प्राथमिक शाळेत शिक्षिका, शाळा सकाळची. तिची बाळंतपणाची रजा संपली तेव्हा वैशू तीन महिन्यांची होती.

स्त्री-पुरुष समानतेवर मी तेव्हा अर्धा तास न थांबता बोलत असे. सुलभाने एकदा ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पटलं. मग उद्यापासून सकाळी मुलीला तुम्ही सांभाळा." माझी पाळी दुपारची. हो म्हणून बसलो...

हे कळल्यावर माझ्या सासूबाई पोशीरहून तडक आल्या. "जावईबापू, बाप्यामाणसाच्या हाताला पोर लागत नाय," त्या म्हणाल्या. "सुलीनं नोकरी सोडावी, नायतर पोर माज्याकडं द्यावी."

सुलभा डी.एड. झालेली, तिच्या घराण्यातली पहिली नोकरदार बाई. ती नोकरी सोडणार नव्हती, आणि मुलगी दूर ठेवायची तर तिचा जीव तुटत होता. शेवटी सासूबाईंनीच मुदत घातली... जावळ काढेपर्यंत. "तवर लागली तुमच्या हाताला तर तुमची. नायतर माजी."

झाली सुरुवात. आढ्याला टांगलेली झोळी, एका हातात तिची दोरी आणि दुसऱ्या हातात भाषणाचा कागद. मला गाता येत नाही. एकदा अंगाई म्हणून पाहिली तर शेजारच्या काकू दारात येऊन विचारू लागल्या, "काय झालं, भांडण का?"

मग मी वैशूसमोर भाषणाचीच तालीम करू लागलो. "कामगार बंधूंनो" म्हटलं की ती हातपाय हलवायची थांबे. "आम्ही गप्प बसणार नाही" या वाक्यावर ती हटकून गप्प बसे. बोनसच्या मुद्द्यापर्यंत झोप...

खात्यातले लोक चेष्टा करायचे. "काय वहिनी, लंगोट वाळले का?" मी म्हणायचो, वाळले, आता तुमचे आणून द्या.

लहान मुलांच्या मनावरची पुस्तकं मी वाचनालयातून आणून वाचत होतो. पण पुस्तकापेक्षा जास्त त्या झोळीने शिकवलं. वैशू रडायची, मी जायचो. पुन्हा रडायची, पुन्हा जायचो... रोज, तोच माणूस, तोच आवाज. बाकी काही विशेष मी केलं नाही.

दहाव्या महिन्यात पोशीरला जावळ ठरलं. रिवाजाप्रमाणे वैशू मामाच्या मांडीवर, समोर न्हावीदादा, अंगणात सगळं गोत. वैशू आता माणसं ओळखायला लागली होती. मामाकडे एकदा पाहिलं आणि तिने जो टाहो फोडला, तो आजीकडे थांबेना, मावशीकडे थांबेना. सुलभाने घेतलं तरी हुंदके चालूच.

मग मी घेतलं. सासरचं अंगण, पंचवीस माणसं बघतायत... मी संकोचून हळू आवाजात "उगी, उगी" करू लागलो. ती आणखीनच जोरात रडली.

"बगितलंत?" सासूबाई म्हणाल्या. "नाय लागली."

वैशूचे कपडे बांधलेलं बोचकं ओटीवर होतं. त्यांनी ते उचलून आत नेलं. सुलभाचा चेहरा उतरला... आणि ती एकदम माझ्यावर उसळली. "अहो, कुजबुजताय काय? या आवाजात कधी बोललात तिच्याशी? गेटवर बोलता तसं बोला."

वैशूला मामाच्या मांडीवर ठेवलं, समोर उभा राहिलो आणि सुरू झालो. "कामगार बंधूंनो..." परड्यातल्या कोंबड्या उडाल्या. वैशूने रडता रडता एक उचकी दिली आणि माझ्याकडे पाहिलं. "आम्ही गप्प बसणार नाही" म्हणालो, आणि ती गप्प झाली. तोंडात अंगठा गेला. वस्तरा चालू लागला. मी श्वास घ्यायला थांबलो तर न्हावीदादा म्हणाले, "भाऊ, थांबू नका, मागची बाजू राह्यलीय."

बोनसपर्यंत आलो तेव्हा ती झोपली होती.

सासूबाई आत गेल्या. ते बोचकं घेऊन बाहेर आल्या आणि माझ्या हातात दिलं. "न्या घरी," त्या म्हणाल्या. "हाताला नाय, पोर आवाजाला लागली हाय. नवलाची पोर, गं बाई..."

लोक म्हणतात, आईची माया उपजत असते आणि बापाचं काम पैसा आणायचं. असं म्हणणाऱ्यांनी कधी सहा महिने झोळीची दोरी धरलेली नसते. मूल आई की बाप ते तपासत नाही. हाक मारली की कोण येतं, एवढंच ते पाहतं. ही संधी मला सुलभाने दिली, नव्हे, माझ्याच भाषणात मला धरून ती घ्यायला लावली. तिचा मी कायमचा ऋणी आहे.

परवा टाळ्यांनी वैशालीला जाग आली. घरी जाताना विचारलं, कसं झालं भाषण? म्हणाली, "छान झोप लागली, बाबा."

आयुष्यभर लोकांना जागं करायला बोलत आलो... पण माझ्या आवाजात एका माणसाला निर्धास्त झोप लागते, याहून मोठी दाद मला अजून कुणी दिलेली नाही.