पाववाल्याचा वन्समोर

पडदा वर जातो. इंग्लंडमधल्या डॉनकास्टरच्या खाणकामगार क्लबातली रविवारची दुपार. टेबलांवर बिअरचे ग्लास, गरम हिरवे वाटाणे, व्हिनेगरचा दरवळ. रंगमंचावर दोन रेकॉर्ड प्लेयर, आणि त्यांच्यामागे साठीला टेकलेला, टक्कल चकाकणारा नेव्ह कट्स.

नेव्हने उभं आयुष्य पावाची गाडी हाकली आणि उरलेल्या वेळात आईच्या मागच्या खोलीत नाचाचं संगीत रचलं. खाण बंद पडली त्या वर्षी त्याने आवाज पकडून हवा तसा वाजवणारी एक पेटी पैदा केली. तिच्यात पहिला आवाज पकडला तो आईचा. म्हणजे, आई क्लबात बिंगो ऊर्फ हाउजी चालवायची, तिच्या पिंजऱ्यातल्या आकड्यांच्या चेंडूंच्या खडखडाटाचा! त्या खडखडाटावर लीड्सपासून बर्लिनपर्यंत पोरं घामाघूम झाली. नेव्ह दर रेकॉर्डवर निराळं नाव टाकायचा. हा धुमाकूळ एका पाववाल्याचा, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

नशिबात नव्हता तो फक्त वन्समोर. होय, नाचाच्या संगीताच्या दुनियेतही असतो! गाणं काळजाला भिडलं की लोक भिंती, टेबलं, हाताला लागेल ते बडवतात. मग वाजवणारा रेकॉर्ड गर्रकन उलटी ओढतो आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून. नेव्हच्या गाण्यांवर लोक बेभान नाचले, पण भिंत कुणी बडवली नाही.

"आई, आज नवं गाणं लावतोय. आजही नाही मिळाला, तर पेटी विकून टाकतो," तो सकाळी म्हणाला होता.

"विक की," डोरीन म्हणाली. "त्या खोलीत मला शिवणयंत्र ठेवायचंय."

गाणं सुरू झालं. नेव्ह रेकॉर्ड प्लेयरवर वाकलेला. आणि मागून आवाज आला: ठक! ठक! ठक!

नेव्हचे डोळे भरून आले. त्याने रेकॉर्ड मागे ओढली. गाणं पुन्हा सुरू. ठक ठक ठक! याने पुन्हा ओढली. तोवर म्हातारे खाणकामगार खुर्च्या सारून उठले, आणि क्लबच्या सेक्रेटरीची बायको हिल्डा, नवाकोरा खुबा बसवलेली, मधोमध गिरकी घेत होती.

"अरे गाढवा!" हातात लाकडी हातोडा घेऊन सेक्रेटरी वॉल्टर रंगमंचाशी येऊन थडकला. "बंद कर म्हणून बडवतोय मी! बिंगोची वेळ झाली!"

नेव्हने सुई उचलली. त्याचा चेहरा असा उतरला, जसा ऐन प्रवेशात दिवे गेलेल्या नटाचा उतरतो.

ठक!

वॉल्टरने हाताकडे पाहिलं. हातोडा गायब. तो हिल्डाच्या हातात होता.

"वॉल्टर, खाली बस," ती म्हणाली. "बिंगो कुठे पळून जात नाही. मी आत्ता कुठे रंगात आलेय!"

आणि तिने टेबल बडवलं. मग काठ्या, ग्लास, चमचे, बूट! डोरीनने बिंगोचा पिंजराच गदागदा हलवला. वॉल्टर क्षणभर धुमसला, आणि मग तोही दोन्ही तळव्यांनी रंगमंचाची कड बडवू लागला.

रेकॉर्डवर हात ठेवून, हसत, रडत, नेव्ह माईकमध्ये ओरडला, "आई, शिवणयंत्र दुसरीकडे ठेव!"