उमाटे मॅडमची दुसरी हाक

उमाटे मॅडमची आणि माझी ओळख आधी भिंतीतून झाली. वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेत कॉलेजच्या क्वार्टरमध्ये मी राहायला गेलो, तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं असेल. माझी मागची भिंत आणि मुलींच्या वसतिगृहाची भिंत एकच होती. पहिल्याच सकाळी भिंतीपलीकडून हाक आली, "वैशाली!" मग सगळं शांत. मी कूस बदलून पुन्हा डोळे मिटले. थोड्या वेळानं परत, "वैशाली!" आवाज तेवढाच. चढलेला नाही, त्रासलेला तर मुळीच नाही. वैशालीचं काय झालं ठाऊक नाही, मी मात्र टक्क जागा झालो.

इतिहास शिकवणाऱ्याला भांडायला फार निमित्त लागत नाही. त्याच दिवशी मी स्टाफरूममध्ये या बाईंना गाठलं. ठेंगणी मूर्ती, कडक इस्त्रीची सुती साडी आणि पर्समध्ये रुमालाशेजारी स्क्रूड्रायव्हर. त्या कॉम्प्युटर शिकवायच्या आणि वसतिगृहाच्या रेक्टरही होत्या. माहेर-सासर दोन्ही नाचणगावचं. वर्गात पुस्तकी मराठी बोलायच्या आणि वर्गाचं दार ओलांडलं की अस्सल वऱ्हाडी. मी विचारलं, "मॅडम, सरळ घंटा का लावत नाही? आम्हा शेजाऱ्यांनाही एकदाच काय तो त्रास होईल."

"घंटीनं सगळ्या एकदम उठतेत सर, अन् सगळ्या एकदम चिडतेत," त्या म्हणाल्या. "काही पोरी एका हाकेत उठतेत, काहीइले दुसरी लागते. अन् दुसरी मारायची तं मधात थांबा लागते ना जी."

मी त्यांच्या हातचा चहा पिऊन परत आलो आणि पुढची कितीतरी वर्षं सकाळी त्यांच्याच हाकांवर उठलो.

त्यांच्या आधीच्या रेक्टरबाईंनी वसतिगृहाच्या दारात एक फळा लावला होता. उशिरा उठणाऱ्या मुलींची नावं त्यावर जाहीर व्हायची. मॅडमनी आल्याच दिवशी तो पुसला आणि त्यावर जेवणाचा बेत लिहायला सुरुवात केली. "नाव लिवाले खडू पुरते," त्या म्हणायच्या, "पण पुसाले कोणाचा हात उठत नाही."

कॉम्प्युटर लॅबमध्येही बाईंचं हेच धोरण होतं. तेव्हाच्या मशीनमधल्या हार्ड डिस्क घरघर फिरायच्या. मॅडम कॅबिनेटला कान लावून सांगायच्या की आतली तबकडी जागी आहे, पेंगते आहे की झोपली. आमचे प्राचार्य विजेच्या बाबतीत कमालीचे काटकसरी. संध्याकाळ झाली की लॅबचा मेन स्विच स्वतः खाली करायला यायचे. एकदा मॅडम चक्क स्विचबोर्डापुढे हात पसरून उभ्या राहिल्या. "सर, आतली तबकडी अजून लिहून राह्यली. अर्ध्या घासात ताट ओढता का कोणाचं?" प्राचार्य परत गेले, पण ते ताट त्यांच्या लक्षात राहिलं.

दोन हजारांनंतर आमच्याकडे लोडशेडिंगनं उच्छाद मांडला. ऐन अभ्यासाच्या वेळी वीज जायची आणि लॅबमधल्या मशीन नुसत्या शोभेला उरायच्या. त्या दशकाच्या अखेरीला बाजारात पाटीएवढे छोटे लॅपटॉप आले. त्यातल्या काहींमध्ये फिरणारी डिस्क नव्हतीच, सगळा मजकूर चिपांवर साठायचा. ना घरघर, ना धक्क्याची भीती, आणि वीज खाणार अगदी थोडी. मॅडम संस्थेच्या अध्यक्षांकडे हेलपाटे घालून थकल्या नाहीत, अध्यक्ष थकले. वसतिगृहातल्या मुलींसाठी लॅपटॉप आले. त्यात कोणालाही आतून बदलता येईल अशी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम होती. काम नसलं की ती सिस्टिम चिपांच्या साठवणीला, म्हणजे ड्राइव्हला, झोपवायची आणि काम पडलं की उठवायची. या झोपेमुळेच बॅटरी लोडशेडिंग संपेपर्यंत पुरायची.

पहिले काही दिवस वसतिगृहात दिवाळी होती. मग एकेक लॅपटॉप रुसायला लागला. झाकण मिटून मुलगी जेवून यायची, झाकण उघडलं की पडदा काळा. आष्टीच्या सुनंदाचं अख्खं प्रोजेक्ट असं गेलं आणि तिनं रडून वसतिगृह डोक्यावर घेतलं. विकणाऱ्या दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, झोपायची सोय बंद करून टाका, म्हणजे उठायचा प्रश्नच नाही. तसं केल्यावर लॅपटॉप उत्तम चालले, फक्त वीज यायच्या आधीच बॅटरी संपायला लागली. मग ते आणले कशाला? प्राचार्यांना हेच हवं होतं. त्यांनी दुकानदाराला कळवलं, शनिवारी या आणि सगळा माल परत न्या. त्या पैशात जिन्यावर संस्थापकांचा पुतळा बसवायचं त्यांच्या मनात होतं. पुतळ्याला बॅटरी लागत नाही, हे मी बोललो आणि त्यांच्या नजरेतून उतरलो.

मॅडमनी सुनंदाला समोर बसवलं. मी तिथंच होतो. "पडदा काळा दिसल्यावर तू काय केलं?"

"बॅटरी ओढली अन् परत लावली."

"काऊन?"

"उठलाच नाही ना तो, मॅडम."

"किती वेळ थांबली?"

सुनंदा खाली मान घालून म्हणाली, "थांबलीच नाही."

मॅडम हसायला लागल्या. मला वाटलं, बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला. पण त्या उठल्या आणि एक लॅपटॉप घेऊन थेट लॅबमध्ये गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मला बोलावून त्यांनी पडद्यावरच्या इंग्रजी ओळी दाखवल्या. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, तेव्हा त्यांनी मला वसतिगृहाच्या भाषेत सांगितलं. ड्राइव्ह खोल झोपेत असतो. सिस्टिम त्याला एक हाक मारते, जराशी थांबते आणि ओ आली नाही की हा मेला असं जाहीर करून मोकळी होते. "मेला नाही सर तो. उठूनच राह्यलता. हे सिस्टिम आपल्या सुनंदासारखी हाय, तिले दम नाही." वर आणखी एक गोष्ट होती. जरा काम थांबलं की सिस्टिम त्याला पुन्हा झोपवत होती. "डोळा लागला का उठव, उठला का झोपव. माणूस असता तं त्यानं घर सोडलं असतं."

त्यांनी सिस्टिममध्ये मोजका बदल केला. झोपवायचं ते खरंच काम नसेल तेव्हाच. उठवायचं ते एका हाकेनं, मग नीट वाट पाहायची, मग दुसरी हाक. बस्स. हे करून सगळ्या लॅपटॉपमध्ये घालेपर्यंत शुक्रवारची संध्याकाळ झाली. सिस्टिम सांभाळणाऱ्या जगभरच्या मंडळींशी त्यांचा ईमेलवर वादही चालला होता. त्यातला एकजण म्हणत होता, कशाला त्रास, या ड्राइव्हचं नाव खोडकर ड्राइव्हच्या यादीत टाका, म्हणजे सिस्टिम त्याला कधी झोपवणारच नाही. मॅडमनी साफ नकार कळवला. मुलींना लोडशेडिंगमध्ये अभ्यास करायचाय, असं त्यांनी इंग्रजीत लिहिलं. लोडशेडिंग म्हणजे काय, हे समजावण्यातच निम्मं पत्र गेलं असावं.

शनिवारी दुकानदाराचा माणूस रिकामी खोकी घेऊन हजर झाला. टेबलावर लॅपटॉप ओळीनं मांडलेले, भिंतीशी मुली उभ्या. प्राचार्यांनी पहिल्या लॅपटॉपचं झाकण स्वतः मिटलं, मुद्दाम सावकाश चहा घेतला आणि झाकण उघडलं. पडदा काळा. सुनंदानं माझी बाही धरली. "बघा," असं म्हणत प्राचार्यांनी बॅटरीकडे हात नेला.

"सर, हात मागं घ्या," मॅडम म्हणाल्या. सकाळच्या हाकेइतक्याच शांत आवाजात. "थोडं थांबा."

आम्ही सगळे थांबलो. प्राचार्यांसारखा घाईचा माणूसही थांबला. आणि मग पडदा उजळला, सुनंदानं लिहून ठेवलेलं पान जसंच्या तसं समोर आलं. मुलींनी एवढा गलका केला की शिपाई धावत आला. प्राचार्यांनी एकेक करून सगळे उघडून पाहिले, सगळे उठले. खोकीवाल्यानं विचारलं, "मॅडम, कोणता पार्ट बदलला जी?" त्या म्हणाल्या, "पार्ट नाही बदलला बाप्पा, फक्त दम धरला." तो रिकामी खोकी घेऊन परत गेला. मला त्या दिवशी इतका आनंद झाला की मी प्राचार्यांनाही जिलबी खाऊ घातली.

पुढच्या उन्हाळ्यात मॅडम निवृत्त झाल्या. त्याच सुमाराला कळलं की सिस्टिम सांभाळणाऱ्यांनी त्यांचा बदल घेतला नाही, पण दुसऱ्या कोणीतरी त्याहून चांगला करून दिला आणि तो सगळ्यांसाठी लागू झाला. मला राग आला. नाव बाईंचं हवं होतं. बाई उलट खूश. "बरं झालं ना जी, आता मले सांभाळा लागत नाही."

त्यांना सोडायला मी वर्ध्याच्या बसस्टँडवर गेलो होतो. पुलगावची एसटी लागली होती, नाचणगावला जायला पुलगावलाच उतरायचं. सामान वर ठेवून मी खिडकीपाशी आलो आणि इतके महिने मनात असलेलं विचारलं, "मॅडम, त्या शनिवारी तुम्हाला भीती नाही वाटली? सगळ्यांसमोर तो उठलाच नसता तर?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू इतक्या वर्षांच्या शेजारानंही मी काही शिकलो नाही.

"तं काय झालं असतं?" त्या म्हणाल्या. "मी अजून थांबली असती."

एसटी निघाली. मला त्यांच्या या दमाचा फार हेवा वाटला, आणि तो वाटून बरंही वाटलं.